चाळीस मशिनींची हजेरी

माझे वडील मराठीचे मास्तर. आमच्या कोल्हापुरात बायका-पोरीसुद्धा स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात आणि ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. आमच्या घरात दोन्हीला बंदी. शाळेतून येऊन मी दारातून ‘आलो’ म्हटलं की आतून आवाज यायचा, “आलो नव्हे, आले. बाहेर जा आणि नीट म्हणून आत ये.” मी खरोखर बाहेर जाऊन परत यायचे. गल्लीतल्या पोरी खिदळायच्या. पुढे त्या मला ‘पुणेरी’ म्हणायला लागल्या आणि खेळायला घ्यायच्या बंद झाल्या. शुद्ध मराठीनं मला परीक्षेत मार्क दिले, मैत्रिणी काही दिल्या नाहीत. हे वडलांना कधी बोलून दाखवलं नाही, आता इथे लिहून टाकते.

आई मी कॉलेजात असतानाच गेली. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे नातेवाईकही आता दमले. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वडील आणि मी, असे आम्ही वीस वर्षं राहिलो. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. आतल्या खोलीतून दर अर्ध्या तासानं विचारायचे, “आहेस का?” मी बाहेरून म्हणायचे, “आहे.” काम काही नसायचं. फक्त आहे की नाही तेवढं बघायचं. कधी कधी मी वैतागायचे. “आहे हो, कुठे जाणार आहे?” असं तोडून बोलायचे. ते गेल्यावर घरात सगळ्यात आधी गायब झाला तो हा प्रश्न. आता मी आहे की नाही, हे विचारणारं कुणी नव्हतं. मला तेवढंच हवं होतं आणि तेवढंच नव्हतं.

नोकरी होती, तिनं तारलं. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गारेगार खोली आणि लुकलुकणारे दिवे येतात. आमचे सर्व्हर गावोगावच्या दूध संस्थांमध्ये, टेबलाखाली, दुधाच्या कॅनशेजारी असतात. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. सकाळ-संध्याकाळ बायाबापड्या दूध घालायला आल्या की वजन आणि फॅट त्या पेटीत जातं आणि पावती बाहेर येते. अशा आमच्या चाळीस संस्था. कोडोलीकडे काही, हातकणंगल्याच्या बाजूला बऱ्याच, दोन-तीन इचलकरंजीच्या अंगाला. सगळीकडे त्या पेटीला ‘मशीन’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

मशिनीतला प्रोग्रॅम पायथन नावाच्या भाषेत लिहिलेला. मशीनला हुकूम द्यायची ती भाषा. माणसांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या पुरते, हिची जुनी आवृत्ती चार-पाच वर्षांत शिळी होते आणि नवी बसवावी लागते. ती बसवायला मी जायचे. स्कूटर, हेल्मेट, पेनड्राइव्ह. मशीन जुनी, तिचा जीव केवढा! नवी भाषा तिच्या गळी उतरायला दीड तास लागायचा. तो दीड तास मी काय करणार? बसायचे. “पावणं, च्या घ्या,” म्हणत कुणीतरी कप पुढे करायचं. कोण आजारी, कुणाच्या पोरीचं ठरलं, कुणाची म्हैस आटली, सगळं माझ्या कानावर यायचं. मी आपलं शुद्ध मराठीत ‘हो का, अरे वा’ करत बसायचे. ते मला मॅडम म्हणायचे. मॅडमच्या पाठीवर कुणी थाप मारत नाही, पण चहा मिळतो. मला तो पुरत होता.

कोडोलीला बायकांची एक दूध संस्था आहे. तिची सचिव म्हणजे आक्का. सगळं गाव तिला आक्काच म्हणतं. वय पासष्टच्या पुढे, नवरा नाही, पोरगा आणि सून लांब नोकरीला. तीन खोल्यांपैकी पुढची खोली संस्थेला दिलेली, मागच्या दोन खोल्यांत आक्का एकटी. पहिल्या भेटीत मलाही ती ‘या पावणं’ म्हणाली. तिसऱ्या भेटीला तिनं सरळ विचारलं, “लग्न का केलं न्हाईस गं?” मी म्हटलं, जमलं नाही. “बरं झालं,” आक्का म्हणाली, “जेवतीस का?” तेव्हापासून मी तिला आवडायला लागले की काय कोण जाणे, पण ती मला तू म्हणायची आणि मी तिला तुम्ही. कुणाची म्हैस व्याली की ती माझ्यासाठी चीक राखून ठेवायची आणि मी यायच्या दिवशी खरवस करायची. वेलदोडा घालायची नाही, गुळाचा रांगडा खरवस. वडील गेले त्या वर्षी मी तिच्याकडे सहा वेळा गेले. त्यातल्या चार वेळा मशिनीला काहीही झालेलं नव्हतं, मी उगाच ‘तपासणी’ काढली होती.

मग साहेबांना अक्कल सुचली. साहेब म्हणजे आमचे मालक, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, माणूस सरळ. म्हणाले, चाळीस ठिकाणी तुम्ही हातानं तेच तेच काम करता, वर्ष जातं. शेवटच्या संस्थेत पोचेपर्यंत पहिलीतलं शिळं झालेलं असतं. हे सगळं एका जागेवरून करायची साधनं आहेत, ती शिका. खरं होतं ते. नाही कशी म्हणणार? आणि खरं सांगू, शिकताना मजाच आली.

या साधनाला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट असं लांबलचक नाव आहे. गोष्ट सोपी आहे. एका फाइलीत मशिनींची यादी करायची. दुसऱ्या फाइलीत मशीन कशी असायला हवी ते लिहायचं. मग एका बटणावर ते साधन चाळीस ठिकाणी जाऊन बघून येतं. गंमत अशी की त्यात ‘पायथन बसव’ असं लिहायचं नसतं. ‘पायथन असावं’ असं लिहायचं. असेल तर साधन हात लावत नाही, नसेल तर बसवतं. वडील असते तर खूश झाले असते. आज्ञार्थ नाही, विध्यर्थ! पोरगी आयुष्यभर व्याकरणाला शिव्या देत आली आणि शेवटी व्याकरणावरच पोट भरते, असं म्हणाले असते.

प्रत्येक कामाला त्या फाइलीत एक नाव द्यावं लागतं. ते काहीही चालतं, मशीनला त्याच्याशी देणंघेणं नसतं. मी पहिल्याच कामाचं नाव लिहिलं: ‘हाय का?’ आणि उत्तरादाखल पडद्यावर गावाच्या नावापुढे शब्द उमटायचा, ‘हाय’. घरात जो शब्द चाळीस वर्षं तोंडातून काढता आला नाही, तो मी तिथे बिनधास्त लिहिला. ऐकायला होतं कोण? रोज सकाळी नऊला मी बटण दाबायचे आणि पडदाभर ओळी यायच्या. हातकणंगले, हाय. कोडोली, हाय. खाली हिरव्या अक्षरांत: बदल, शून्य.

चार महिन्यांत जमलं सगळं. साहेबांनी पेढे आणले. मग म्हणाले, आता बाहेर जायचं नाहीच, तर ऑफिस तरी कशाला, घरून करा की. घ्या! स्कूटर गेली, ऑफिस गेलं, टेबलापलीकडे बसून दिवसभर शिंकणारा हिशेबनीसही गेला. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि वर पेढाही खाल्ला होता. वडलांच्या खोलीत टेबल टाकलं आणि उंटावरून शेळ्या हाकायला बसले. कधी कधी सकाळी दूधवाल्याशी बोललेलं वाक्य हेच दिवसभरातलं एकमेव वाक्य असायचं. त्याच्याशी काय बोलणार? “अर्धा लिटर.”

आक्काचा फोन आला एकदा. “कवा येतीस?” मी तिला समजावून सांगितलं की आता यायची गरज पडत नाही, इथूनच मी मशीनला रोज विचारते, ती ‘हाय’ म्हणाली की झालं. आक्का म्हणाली, “रोज इचारतीस?” मी म्हटलं, रोज, नऊ वाजता. “बरं हाय की,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, तिला कौतुक वाटलं.

त्या वर्षी पायथनची नवी आवृत्ती चाळीस ठिकाणी घालायची होती. सुट्टीचे दिवस बरे, लोकांची धावपळ कमी, एवढाच विचार करून मी दसऱ्याचा आदला दिवस धरला. सकाळचं दूध आटोपल्यावर अकरा वाजता बटण दाबलं. सव्वीस मशिनी हिरव्या आल्या आणि चौदा लाल. संपर्क नाही, संपर्क नाही, संपर्क नाही. फाइलीत काय चुकलं म्हणून ओळ न् ओळ तपासली. काही चुकलं नव्हतं. शेवटी हातकणंगल्याकडच्या एका सचिवांना फोन लावला.

“अवो म्याडम, आज खंडेनवमी,” ते म्हणाले. “मशिनीला पुसूनपासून, हळदकुकू लावून, झेंडूचा हार घालून बसवलीया. आज तिला कसं चालू करायचं?”

कपाळ माझं! हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस, त्या दिवशी ती वापरायची नाहीत, हे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या घरी वडील त्या दिवशी लाल शाईचं पेन, खडू आणि व्याकरणाचं पुस्तक पाटावर मांडायचे आणि मला दिवसभर अक्षर लिहू द्यायचे नाहीत. ते गेल्यापासून मी पाट मांडलाच नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चौदा मशिनी हार घालून निवांत बसल्या होत्या आणि हार न घातलेली, राबणारी एकटी मी.

पण खोटं कशाला बोलू, तो दिवस मला फार चांगला गेला. बाकीच्यांनाही फोन लावावे लागले ना! कुणी विचारलं, बऱ्या हाईसा का. कुणी म्हणालं, तुमी येणंच बंद केलं, आमचं काय चुकलं? एका सचिवांनी संध्याकाळचं दूध वहीत हातानं लिहिणार असल्याचं सांगून मला धीर दिला, जशी काही माझीच म्हैस अडली होती. चौदांतल्या तेरा जणांशी बोलणं झालं. फोन ठेवताना माझा घसा बसला होता. इतकं बोलायची सवय राहिली नव्हती. चौदावी आक्का. तिचा फोन वाजत राहिला, उचलला नाही.

साहेबांना कळवलं तर हसले आणि म्हणाले, त्यात काय, साधनालाच सांगा की, जी मशीन सापडणार नाही तिच्याकडे दर तासानं परत जा. फोन करायची भानगडच नको. मी पाच ओळी लिहिल्या. तेवढ्या ओळींत ते तेरा फोनही संपले. दसऱ्याला दुपारपर्यंत एकेक मशीन जागी झाली आणि साधनानं आपलं आपण काम उरकलं. एकोणचाळीस हिरव्या. कोडोली लाल.

दुसऱ्या दिवशी कोडोली लाल. तिसऱ्या दिवशीही. फोन वाजायचा आणि थांबायचा. संस्थेत दुसरा फोन नाही. मी स्वतःला सांगितलं, लाईट गेली असेल, गावाला गेली असेल. पण आक्का संस्था सोडून कुठे जात नाही, हे मला माहीत होतं. तीन खोल्यांत एकटं माणूस. मला ते चित्र नको होतं तरी दिसत होतं, कारण त्यात मला आक्काबरोबर मीही दिसत होते. मी पडले तर किती दिवसांनी कुणाला कळेल? मशीन तासाभरात लाल होते. माझं लाल होणं कुठल्या पडद्यावर दिसणार होतं?

चौथ्या दिवशी हेल्मेट काढलं, धूळ झटकली आणि निघाले. पंचगंगेचा पूल कधी ओलांडला ते कळलं नाही.

आक्का पुढच्याच खोलीत होती. टेबलावर वही, हातात पेन, ठणठणीत. टेबलाखाली मशीन, तिच्यावर सुकलेला झेंडूचा हार, बटण बंद. रागानं की आनंदानं, देव जाणे, मी आवाज चढवला. फोन का उचलत नाही, मशीन का बंद आहे, मला काय काय वाटलं, असं एका दमात बोलले. आक्कानं सगळं ऐकून घेतलं, वही मिटली.

“उचलला असता तर फोनवरच सांगितलं असतंस, बटण दाबा म्हणून,” ती म्हणाली. “मग आली असतीस व्हय?”

मी हेल्मेट टेबलावर ठेवलं.

“बंद पडली की बघाय येतीस. चांगली चालल्याली बघाय कोण येतंय?” मग मशिनीकडे हनुवटी करून म्हणाली, “तिला रोज इचारतीस, हाय का म्हणून. मला कोण इचारतंय?”

मी खाली वाकून बटण दाबलं. आत जाऊन आक्कानं खरवसाची ताटली आणली. चार दिवस ती रोज चीक मागून आणत होती, कारण मी कुठल्या दिवशी येईन ते तिला माहीत नव्हतं. आम्ही खात असतानाच साधन त्याच्या तासाला आलं आणि गप्पांत दीड तास गेला तोवर काम उरकून गेलं. मी मोबाइलवर पाहिलं: कोडोली, हाय. बदल, एक. नवी भाषा बसली. मला हातही लावावा लागला नाही आणि बसायला निमित्तही उरलं नाही. निघताना मला म्हणायचं होतं की मलाही कुणी विचारत नाही, आक्का. पण ते म्हणायला जी भाषा लागते ती तोंडात बसलेली नव्हती. “बरं, येते मी,” एवढंच म्हणाले. अगदी शुद्ध.

घरी येऊन मी एक लबाडी केली. यादीत कोडोलीच्या ओळीपुढे एक खूण टाकली. त्या खुणेनं साधन ती ओळ वगळून पुढे जातं. म्हणजे कोडोलीचं काम हातानं करावं लागणार, आणि हात माझे. दोन महिने मी अशी चार वेळा जाऊन आले. साहेबांनी विचारलं तर तिथे रेंज नसते म्हणून ठोकून दिलं. पण साहेब काही दूधखुळे नाहीत. एके दिवशी त्यांनी फाइल उघडली, खूण पुसली आणि मला कळवलं, ‘चुकून राहिली होती, काढली. कोडोलीला रेंज चांगली आहे.’ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडायला तरी माणूस मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बटण दाबलं. चाळीसच्या चाळीस. कोडोली, हाय. बदल, शून्य. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. त्या पडद्यासमोर मी अर्धा-पाऊण तास बसून राहिले. वडलांच्या खोलीत, वडलांच्या खुर्चीत. कुणी काही विचारलं नाही. मग उठले आणि हेल्मेट घेतलं. पेनड्राइव्ह उचलला होता, तो परत टेबलावर ठेवला.

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकत अडकत गेले. वाटभर निमित्त शोधत होते. वायर तपासायची, धूळ काढायची, सही हवी. कोडोलीची वेस आली तरी एकही धड सापडलं नाही.

आक्का दारात कॅन धुवत होती. मला बघून हात थांबला. “मशीन बिगडली व्हय?”

“नाही.”

“मग काय काढलंस?”

हेल्मेट काढण्यात मी वेळ काढला. दारातच उभी होते. आतून कुणी ‘बाहेर जा आणि नीट म्हण’ म्हणणारं नव्हतं.

“काय न्हाय,” मी म्हणाले. “हाईस का, बघाय आलो.”

आक्कानं पदराला हात पुसले.

“हाय की,” ती म्हणाली. “ये आत.”